‘नामर्द’ ही शिवी आहे, आजाराचं नाव नाही

दीड वर्षापूर्वी मला शुगर असल्याचं कळलं. ते कसं कळलं, हे मी आजवर घराबाहेर कुणाला सांगितलं नव्हतं. आज सांगतोय, कारण गेल्या महिन्यात आमच्या ओळखीतल्या एका घरात लग्न मोडलं. त्यामागचं खरं कारण दोन्हीकडच्या मोठ्या माणसांना ठाऊक होतं, पण एकानंही ते तोंडातून काढलं नाही. मुलीबद्दल मात्र सगळे बोलले. ‘नीट राहिली नाही’, ‘नवऱ्याला जिंकता आलं नाही’, ‘मोबाईलवर फार असायची’. आठ महिन्यांत पोरगी माहेरी परत आली. तिच्या आईनं माझ्या बायकोजवळ रडून सांगितलं तेव्हा मला कळलं, की मुलगा आजारी होता आणि आठ महिन्यांत त्याला एकदाही डॉक्टरकडे नेलं गेलं नाही.

त्या मुलाचा मला राग आला. मग आठवलं की मीही तेच केलं होतं.

माझं वय ४६. शाळेत उर्दू आणि मराठी शिकवतो. वीस वर्षांचा संसार आहे, दोन मुलं आहेत. अडीच वर्षांपूर्वी मला अडचण जाणवायला लागली. इंद्रियाला ताठरता येईना, आली तर टिकेना. पहिले दोन महिने मी परीक्षेच्या कामावर ढकललं. मग वयावर ढकललं. मग एका जाहिरातीवरचा नंबर फिरवून शहराबाहेरच्या एका ‘खानदानी’ दवाखान्यात गेलो. नाव सांगत नाही, कारण प्रश्न एका दवाखान्याचा नाही. तिथल्या माणसानं नाडी धरली आणि तीन मिनिटांत ‘अंदरूनी कमजोरी’ आहे असं सांगितलं. ब्लडप्रेशर मोजलं नाही, लघवी-रक्त तपासलं नाही, कुठलं औषध चालू आहे हेही विचारलं नाही. एक माजून, एक तेल आणि पुडीत बांधलेला कुश्ता दिला. महिन्याला साडेचार हजार रुपये. असे अकरा महिने गेले.

माजून कशात बनवतात, हे आपल्यातल्या बहुतेकांना माहीत आहे. मधात किंवा साखरेच्या पाकात. म्हणजे ज्या माणसाला शुगर झाली होती, तो अकरा महिने सकाळ-संध्याकाळ चमचाभर पाक खात होता. तोही शुगरमुळे झालेल्या त्रासावर औषध म्हणून.

शेवटी बायको म्हणाली, ‘ताप आला तर दुसऱ्या दिवशी डॉक्टरकडे पळता. याच्यात काय वेगळं आहे?’ माझ्याकडे उत्तर नव्हतं. आमच्या फॅमिली डॉक्टरांकडे गेलो. आधी पाठदुखी सांगितली, मग पित्त सांगितलं, आणि उठता उठता खरं सांगितलं. ते हसले नाहीत. ब्लडप्रेशर घेतलं, ते १५० वर ९६ निघालं. दुसऱ्या दिवशी उपाशीपोटी साखर तपासली, ती २१४ होती. गेल्या तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीएवनसी तपासणी केली, ती ९.८ आली. डॉक्टर एवढंच म्हणाले, ‘सर, तुमचं शरीर वर्षभर आधीच सांगत होतं. तुम्ही चुकीच्या माणसाला विचारत बसलात.’

हे काय असतं

मी डॉक्टर नाही. पण त्या दिवसानंतर जे वाचलं आणि डॉक्टरांकडून समजून घेतलं, ते सोप्या भाषेत मांडतो, कारण हेच आपल्याला कुणी कधी शिकवलं नाही.

इंद्रियात हाड नसतं. स्पंजासारख्या ऊतींच्या नळ्या असतात. मनात इच्छा जागी झाली की मेंदूकडून मज्जातंतूंतून निरोप जातो, तिथे नायट्रिक ऑक्साइड तयार होतं, रक्तवाहिन्यांच्या भिंती सैल होतात आणि रक्त भरतं. भरलेलं रक्त बाहेर जाणाऱ्या शिरा दाबून धरतं, म्हणून ताठरता टिकते. हे नायट्रिक ऑक्साइड रक्तवाहिन्यांना निरोप देतं, या शोधाला १९९८ साली वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं. त्याच वर्षी मार्चमध्ये अमेरिकेत सिल्डेनाफिल, म्हणजे व्हायग्रा, या गोळीला मंजुरी मिळाली. ती गोळी मुळात छातीत दुखण्यावरचं औषध म्हणून तपासली जात होती. म्हणजे या आजाराचं औषध हृदयाच्या वाटेनंच सापडलं.

आता बघा, या कामाला काय काय लागतं. शाबूत मज्जातंतू, मोकळ्या रक्तवाहिन्या, योग्य प्रमाणात हार्मोन आणि शांत मन. यातलं काहीही बिघडलं तर ताठरता बिघडते. शुगर मज्जातंतू आणि रक्तवाहिन्या दोन्ही खराब करते. ब्लडप्रेशर आणि कोलेस्टेरॉल वाहिन्या कडक आणि अरुंद करतात. सिगारेट, तंबाखू आणि २०१२ पासून महाराष्ट्रात बंदी असूनही टपरीमागे मिळणारा गुटखा वाहिन्या आवळतात. दारूही कारण असते. टेस्टोस्टेरॉन कमी असणं, थायरॉइडचा बिघाड, प्रोस्टेटचं ऑपरेशन, ब्लडप्रेशरच्या किंवा नैराश्याच्या काही गोळ्या हीही कारणं आहेत. आणि धास्ती, कर्ज, घरातलं भांडण, नवीन लग्नातली भीती, हीसुद्धा. घाबरलेल्या माणसाच्या अंगात ॲड्रेनलिन वाढतं आणि ते वाहिन्या आवळतं. म्हणून पहिल्या रात्री जमलं नाही तर तो मुलगा ‘खोटा’ ठरत नाही. तो बहुतेक वेळा फक्त घाबरलेला असतो. झोपेत किंवा पहाटे ताठरता नीट येत असेल तर यंत्रणा शाबूत आहे आणि अडचण बहुधा मनाच्या बाजूची आहे, एवढी साधी खूण डॉक्टर विचारून घेतात.

एक गोष्ट मात्र प्रत्येकानं लक्षात ठेवावी. इंद्रियाच्या रक्तवाहिन्या एक-दोन मिलिमीटर रुंद असतात, हृदयाच्या तीन-चार. दोन्हीकडे एकच रोग लागतो, पण बारीक नळी आधी तुंबते. त्यामुळे हृदयाचा त्रास दिसण्याच्या साधारण दोन ते पाच वर्षं आधी हा त्रास दिसू शकतो. याचा अर्थ असा, की चाळिशीनंतर ज्याला हा त्रास सुरू झाला, त्याला शरीरानं हार्ट अटॅकची आगाऊ सूचना दिलेली असू शकते. ती सूचना आपण तेलाच्या बाटलीखाली दाबून टाकतो. मग एक दिवस फजरला उठलेला माणूस जोहरपर्यंत राहत नाही आणि आपण म्हणतो, ‘काहीच त्रास नव्हता हो त्यांना.’ होता. त्यांनी सांगितला नव्हता.

आणि हे काही मोजक्या दुर्दैवी लोकांचं दुखणं नाही. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समध्ये ४० ते ७० वयाच्या पुरुषांचा अभ्यास झाला होता, त्याचे निष्कर्ष १९९४ साली आले. त्यात ५२ टक्के पुरुषांना कमी-जास्त प्रमाणात ही अडचण होती. आपल्या देशात आयसीएमआरच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार शुगरचे रुग्ण दहा कोटींच्या वर आहेत. शुगर असलेल्या पुरुषांपैकी जवळपास निम्म्यांना हा त्रास होतो. हिशेब तुम्हीच करा. जुम्याच्या नमाजला तुमच्या सफमध्ये उभे असलेल्यांतले किती जण हे ओझं घेऊन उभे आहेत, याचा विचार करा. त्या प्रत्येकाला वाटतं की तो एकटा आहे.

भाषेनं केलेला घात

भाषेचा शिक्षक म्हणून मला एक गोष्ट टोचते. प्रत्येक आजाराला आपल्याकडे नाव आहे. मधुमेह, दमा, मूळव्याध, मोतीबिंदू. या आजाराला नाव नाही, शिव्या आहेत. मराठीत षंढ, उर्दूत नामर्द. मूळव्याध झालेल्याला आपण ‘नामाणूस’ म्हणत नाही. मोतीबिंदू झाला म्हणून कुणी माणसातून उठत नाही. मग शरीराच्या एका भागात रक्त नीट पोचत नाही म्हणून माणूस मर्द का राहत नाही?

मध्येच ‘गुप्तरोग’ हा एक शब्द भिंतींवर रंगवलेला दिसतो. त्या एका शब्दात सगळं कोंबलं आहे. ताठरता न येणं, लवकर स्खलन होणं, संसर्गाचे रोग, मूल न होणं आणि जो रोगच नाही असं स्वप्नदोषाचं भय. या वेगवेगळ्या गोष्टी आहेत. ताठरता नसलेल्या माणसाचे शुक्राणू उत्तम असू शकतात, आणि ताठरता उत्तम असलेल्याला मूल होत नाही असंही असतं. पण शब्द एकच वापरला की दुकानदाराला सोयीचं जातं. एकाच बाटलीवर पाच लेबलं लावता येतात.

पोरांचं तर सर्वांत वाईट. दहावी-अकरावीतली मुलं मोबाईलवर वाचतात की ‘धात’ गेली म्हणजे जन्माची ताकद गेली. वीर्य शरीर रोज तयार करतं, ते जाण्यानं कमजोरी येत नाही, हे त्यांना सांगायला कुणी नसतं. या धास्तीनं खंगणारे तरुण आपल्याकडे इतके आहेत, की डॉ. नरेंद्रनाथ विग या भारतीय मानसोपचारतज्ज्ञानं १९६० साली त्याला ‘धात सिंड्रोम’ असं नाव दिलं. आजार धास्तीचा होता, वीर्याचा नव्हता. पासष्ट वर्षं झाली, पण भिंतीवरचा रंग अजून ओला आहे.

बाजार

ज्या जाहिराती बघून मी फसलो, त्या बेकायदा आहेत. १९५४ साली संसदेनं औषधे आणि जादुई उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायदा केला. लैंगिक ताकद वाढवण्याच्या औषधाची लोकांसमोर जाहिरात करायला त्या कायद्यानं मनाई आहे. पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. या कायद्याला हमदर्द दवाखान्यानं आणि इतरांनी सुप्रीम कोर्टात आव्हान दिलं होतं. डिसेंबर १९५९ मध्ये निकाल लागला. कायद्याच्या काही तरतुदी कोर्टानं रद्द केल्या, पण अशा जाहिराती म्हणजे अभिव्यक्तिस्वातंत्र्य नव्हे, हे स्पष्ट सांगितलं. कायदा कागदावर जिवंत आहे. रेल्वेच्या डब्यात, मुतारीत, पुलाखालच्या खांबावर तो मेलेला आहे.

इथे कुणी म्हणेल, ‘सर, तुम्ही युनानीला बदनाम करताय.’ अजिबात नाही. इब्ने सीनानं ‘अल-कानून’मध्ये पुरुषांच्या जननेंद्रियांच्या आजारांवर वेगळा भाग लिहिला. त्या काळातला मोठ्यात मोठा मुसलमान हकीम या विषयावर लिहायला लाजला नाही. आपल्याच कॅम्पात, आझम कॅम्पसमध्ये युनानीचं कॉलेज आणि रुग्णालय आहे. तिथे रीतसर पदवीचं शिक्षण मिळतं. शिकलेला हकीम आधी तपासतो, मग औषध देतो. माझं भांडण तपासणी न करता पुडी बांधणाऱ्याशी आहे. ज्या कुश्त्यात पारा, शिसं किंवा सोमल असू शकतो, तो हातात देऊन मूत्रपिंडाची जबाबदारी न घेणाऱ्याशी आहे. आणि ‘शुद्ध जडीबुटी’ म्हणत आत गुपचूप सिल्डेनाफिल मिसळणाऱ्याशी आहे. अमेरिकेच्या औषध प्रशासनानं अशा भेसळीच्या ‘हर्बल’ मालाबद्दल वारंवार इशारे दिले आहेत. म्हणून ती पुडी कधीकधी ‘लागू’ पडते. माणूस खूश होतो आणि रोग आत वाढत राहतो.

दुसरं टोक मेडिकल स्टोअरचं. सिल्डेनाफिल, टाडालाफिल ही चांगली औषधं आहेत, पण आपल्या कायद्यानं ती डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत. तरी काउंटरवर खालच्या आवाजात ‘ती निळी’ म्हटलं की मिळते. हृदयरोग्याला दिल्या जाणाऱ्या नायट्रेटच्या गोळ्या असतात, छातीत दुखलं की जिभेखाली ठेवायच्या. त्या चालू असताना ही निळी गोळी घेतली तर ब्लडप्रेशर एकदम कोसळून जीव जाऊ शकतो. तुमच्या बापाच्या वयाचा माणूस मित्राकडून गोळी मागून घेतो, कारण डॉक्टरला विचारायची लाज वाटते. ही लाज औषधापेक्षा घातक आहे.

शरियतनं वर्षाची मुदत दिली

आता मी त्या मोडलेल्या लग्नाकडे येतो, कारण खरं नुकसान तिथं झालं.

आपल्या फिकहमध्ये अशा नवऱ्यासाठी एक शब्द आहे, इन्नीन. शिवी नव्हे, कायद्याची संज्ञा. बायकोनं तक्रार केली तर काजीनं काय करायचं? हनफी फिकह सांगतं की नवऱ्याला एक वर्षाची मुदत द्यायची. हजरत उमर (रजि.) यांच्या निर्णयाचा दाखला त्यासाठी दिला जातो. वर्षच का, तर वर्षात चारही ऋतू येतात. कुणाच्या तब्येतीला थंडी मानवत नाही, कुणाला उन्हाळा. चारही ऋतूंत संधी मिळावी. वर्षभरात तो बरा झाला तर संसार चालू राहतो. नाही झाला आणि बायकोला राहायचं नसेल तर तिला मोकळं करायचं.

हीच गोष्ट १९३९ च्या मुस्लिम विवाहविच्छेद कायद्यात आहे. हा कायदा आजही लागू आहे. लग्नाच्या वेळी नवरा संबंधाला असमर्थ असेल आणि पुढेही तसाच राहिला असेल तर बायको कोर्टाकडून फारकत मागू शकते. पण नवऱ्यानं अर्ज केला तर कोर्टाला त्याला एक वर्ष द्यावंच लागतं. त्या वर्षात आपण बरे झालो हे त्यानं दाखवून दिलं तर या कारणावर फारकत मिळत नाही.

या तरतुदीकडे नीट बघा. त्यात दोन हक्क एकत्र आहेत. बायकोला तक्रार करण्याचा हक्क आहे. तिची तक्रार बेशरमपणा मानलेली नाही, तिची शारीरिक गरज हा तिचा अधिकार मानला आहे. आणि नवऱ्याला बरं होण्याचा हक्क आहे. त्याला कायमचा नालायक ठरवलेला नाही, त्याला आजारी मानलं आहे आणि वेळ दिला आहे. व्हायग्राच्या कितीतरी शतकं आधी, रक्ताच्या तपासण्या नसताना, फुकहांनी एवढं गृहीत धरलं होतं की हा माणूस बरा होऊ शकतो.

आणि आपण काय केलं? त्या मुलीचा बोलण्याचा हक्क काढून घेतला आणि त्या मुलाचा बरं होण्याचा. आठ महिने दोघांना एका खोलीत गप्प बसवलं. मुलाची आई म्हणाली, घराण्याची इज्जत आहे. मुलीचा बाप म्हणाला, दुसरी पोर लग्नाची आहे. मग मुलीकडून खुला मागवला, मेहर सोडायला लावला आणि वर बोलही लावले. त्या मुलाला आता दुसरं स्थळ बघतायत. तपासणी अजून झालेली नाही. म्हणजे दुसऱ्या एका घरची मुलगी त्याच खोलीत जाणार. शरियतचं नाव घेऊन बोलणारे आपण, या एका बाबतीत शरियतनं दिलेलं वर्ष कुठे टाकलं?

हया आणि गप्प बसणं

‘हया ईमानचा भाग आहे’, असं मला नक्की ऐकवलं जाईल. आहेच. पण हयाचा अर्थ आपण काय लावला?

हजरत अली (रजि.) यांना एक शारीरिक अडचण होती. मजीचं, म्हणजे इच्छेच्या वेळी येणाऱ्या स्रावाचं प्रमाण जास्त होतं आणि त्यामुळे गुसलचा प्रश्न पडायचा. प्रेषित (स.) त्यांचे सासरे. विचारायला लाज वाटली. म्हणून त्यांनी हजरत मिकदाद (रजि.) यांना पाठवलं आणि प्रश्न विचारून घेतला. बुखारीत हे आहे. लाज त्यांनाही वाटली. लाज वाटणं चूक नाही. पण लाजेपायी ते गप्प बसले नाहीत, दुसऱ्याला पाठवून उत्तर मिळवलं. उम्मे सुलैम (रजि.) तर स्वतः प्रेषितांसमोर आल्या, अल्लाह सत्याबाबत लाजत नाही असं आधी म्हणाल्या, आणि स्त्रीला स्वप्नावस्था झाली तर काय करायचं ते विचारलं. त्यांना कुणी गप्प केलं नाही, उत्तर दिलं. आजाराला इलाज ठेवला आहे, तो करा, ही शिकवणही आपलीच आहे. मग चौदाशे वर्षांनी कोंढव्यातला किंवा भवानी पेठेतला पुरुष डॉक्टरच्या बंद केबिनमध्ये बोलायला का घाबरतो? ही भीती धर्मानं दिलेली नाही. ती आपण कट्ट्यावर तयार केली आहे, मर्दानगीच्या विनोदांतून.

आणि हा दोष फक्त मुसलमानांचा आहे असं समजून दुसऱ्या वाचकांनी समाधान मानू नये. महर्षी कर्व्यांचे चिरंजीव रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२७ साली ‘समाजस्वास्थ्य’ मासिक काढलं आणि १९५३ मध्ये मरेपर्यंत चालवलं. त्यात वाचक आपल्या लैंगिक अडचणी पत्रानं विचारायचे आणि कर्वे शास्त्रीय उत्तर द्यायचे. त्या उत्तरांवरच १९३४ साली अश्लीलतेचा खटला झाला. कर्व्यांची बाजू मांडायला डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. तरी कर्वे हरले आणि त्यांना २०० रुपये दंड झाला. म्हणजे मराठी समाजात या प्रश्नाचं खरं उत्तर देणाऱ्याला दंड झाला, आणि खोटं उत्तर देणारे त्याच काळापासून भिंती रंगवत आहेत. ही आपली सगळ्यांची सामाईक कमाई आहे.

मग करायचं काय

तीन महिने किंवा जास्त काळ ही अडचण येत असेल तर आधी आपल्या फॅमिली डॉक्टरकडे जा. स्पेशालिस्टचा पत्ता शोधत महिने घालवू नका. वाक्य अवघड वाटत असेल तर हे पाठ करा: ‘डॉक्टर, मला ताठरता येण्याची अडचण आहे.’ बस, एवढंच. तेही जमत नसेल तर कागदावर लिहून द्या. डॉक्टर विचारतील की त्रास कधीपासून आहे, पहाटे ताठरता येते का, झोप कशी आहे, तंबाखू-दारू किती आहे, कोणती औषधं चालू आहेत. खरं सांगा. पुड्या घेत असाल तर त्या दाखवा. ब्लडप्रेशर, साखर, कोलेस्टेरॉल आणि गरज असेल तर सकाळच्या वेळी टेस्टोस्टेरॉन, या साध्या तपासण्या आहेत. हृदयाचीही तपासणी सांगतील, ती टाळू नका. पुढे लागलं तर युरॉलॉजिस्ट, हार्मोनचे डॉक्टर किंवा मानसोपचारतज्ज्ञ यांच्याकडे पाठवतील. पैसे नसतील तर ससूनसारखं सरकारी रुग्णालय आहे. मी अकरा महिन्यांत जवळपास पन्नास हजार पाकात घातले. तपासण्यांना त्याचा छोटा भागही लागला नाही.

इलाज एकच नसतो. काहींना शुगर ताब्यात आणून, तंबाखू सोडून, रोज चालून फरक पडतो. काहींची चालू गोळी बदलावी लागते, पण ती स्वतःहून बंद करू नका. काहींना समुपदेशन लागतं, तेही नवरा-बायको दोघांचं. काहींना गोळी लागते, आणि गोळीनं भागत नसेल तर त्यापुढेही उपाय आहेत. सगळे पूर्ण बरे होतात असं मी म्हणणार नाही. मीही पहिल्यासारखा झालो नाही. पण एचबीएवनसी ९.८ वरून ६.९ वर आलं, घरात बोलणं सुरू झालं, आणि रात्री छताकडे बघत पडून राहणं थांबलं.

डॉक्टरांनाही एक सांगणं आहे. शुगरच्या प्रत्येक पेशंटचे पाय तुम्ही तपासता, डोळे तपासायला पाठवता. हा एक प्रश्नही विचारत जा. आम्ही स्वतःहून बोलणार नाही. आणि केबिनचं दार उघडं ठेवून, कंपाउंडरसमोर विचारू नका.

इमाम साहेबांना अदबीनं विनंती आहे. निकाहच्या खुतब्यात नवऱ्या-बायकोच्या हक्कांचा उल्लेख होतो. एखाद्या जुम्याला हेही सांगा की हा आजार आहे, इलाज करणं जायज आहे आणि आजार लपवून मुलीचं आयुष्य अडकवणं जुलूम आहे. मिंबरवरून आलेलं एक वाक्य माझ्या दहा लेखांपेक्षा जास्त काम करेल.

आणि बहिणींनो, नवरा गप्प झाला, चिडायला लागला, उशिरा घरी यायला लागला तर प्रत्येक वेळी दोष तुमच्यात नसतो. माझ्या बायकोनं टोमणा मारला असता तर मी आजही माजून खात बसलो असतो. तिनं फक्त विचारलं, की ताप आल्यावर जाता तसं यासाठी का जात नाही.

हा लेख माझे विद्यार्थी वाचतील, त्यांचे पालक वाचतील, शाळेतले सहकारी वाचतील. दोन दिवस हसतील, हे मला माहीत आहे. त्यांतल्या एकानं जरी हसून झाल्यावर गपचूप जाऊन साखर तपासली, तरी मला चालेल. आणि त्या मुलाच्या वडिलांपर्यंत हा पोचलाच, तर त्यांना एवढंच सांगायचं आहे: दुसरं स्थळ बघायच्या आधी मुलाला घेऊन डॉक्टरकडे जा. हवं तर मी बरोबर येतो.